दोन अंगठे

जुन्या खटल्याची मिसल उघडली आणि आतलं वर्तमानपत्र गुरुलिंगच्या मांडीवर पडलं.

सोलापूरकडचं मराठी साप्ताहिक, जुलै १९४७ चं. कागद पिवळा पडला होता, पण मथळा अजून ठसठशीत होता: संस्थानी प्रजेला न्याय कधी? निजामाच्या राज्यात असा कागद जवळ सापडला की माणूस सरळ आत जायचा. आता निजामी जाऊन चार महिने झाले होते, आणि तालुक्याच्या कचेरीसमोरचा हॉटेलवाला याच पत्रात भजी बांधून देत होता. सकाळीच गुरुलिंगनं ती खाल्ली होती आणि तेलकट कागद चुरगळून टाकला होता.

गुरुलिंग कचेरीत कारकून होता. जुन्या उर्दू मिसली मराठीत उतरवायचं काम त्याच्याकडं आलं होतं. ही मिसल ईटच्या ज्ञानोबा गाडीवानाची होती. पहिल्या पानावरचं अक्षर पाहिलं आणि त्याची कानशिलं तापली. अक्षर त्याचंच होतं. तेव्हा तो ईटच्या चौकीवर मुन्शी होता.

दीड वर्षापूर्वीची श्रावणातली सकाळ होती. चौकीच्या अमीनसाहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, वेशीत ज्ञानोबाची गाडी अडवली आणि कापडाच्या गाठोड्याखाली, अंथरलेल्या कडब्याच्या सरमाडात, हा कागद सापडला. पंच म्हणून वेशीजवळच्या दुकानातून गुरुलिंगच्या वडिलांनाच बोलावलं, शिवलिंगप्पांना. ज्ञानोबानं हात जोडले होते. "गुरूअण्णा, तुमी तर वळखता मला. मला अक्षर येतंय व्हय? म्या कागद कशाला बाळगू?"

"छोडो मुन्शीजी," अमीनसाहेब म्हणाले. त्यांना घाई होती. आणि गुरुलिंगनं लिहिलं: मुलजिमाला काही सांगायचे नाही.

ज्ञानोबा नऊ महिने धाराशिवच्या तुरुंगात होता. सुटून आला तोवर घरच्यांनी बैलजोडी विकली होती. आता तो दुसऱ्याची गाडी हाकायचा.

आणि उद्या त्याचा सत्कार होता. बंदी मोडून वर्तमानपत्र आणणारा गावचा वीर म्हणून. अध्यक्ष शिवलिंगप्पा, शालही त्यांच्याच दुकानातली. पण ज्ञानोबा अडून बसला होता. जे म्या केलंच न्हाय त्याचा हार कशाला, असं तो म्हणायचा. आधी कागद कुणी ठेवला ते सांगा.

गावाकडं त्याचं उत्तर तयार होतं: बलभीम जागल्या. गाडी रात्री वेशीत उभी, पहारा बलभीमचा, चौकीवर ऊठबस त्याची. चुगली करून शाबासकी मिळवायला त्यानंच कागद सारला, असं लोक म्हणत. दीड वर्षात बलभीमच्या लेकीला एक सोयरीक आली नव्हती.

गुरुलिंग मिसलीकडं बघत बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती फाशी आपल्या लेखणीनं दिली होती. निदान चोर तरी हुडकावा, असं त्यानं ठरवलं.

त्यानं कागद खिडकीपाशी नेला. मधल्या पानाला वीतभर भोक होतं, कात्रीनं कापलेलं. खाली सरळ, वर देवळाच्या कमानीसारखं गोल. मुलजिमानं सरकारविरोधी मजकूर कापून घेतला, असं त्या वेळी अमीनसाहेबांनी सांगितलं होतं आणि गुरुलिंगनं तसंच टिपलं होतं. आता नीट पाहिलं. एका बाजूला भोक बाजारभावांच्या मधून गेलं होतं, पाठीमागं केशतेलाच्या जाहिरातीच्या मधून. कितीतरी शब्द अर्धे तुटले होते. बातमी हवी असलेला माणूस बातमीच्या कडेनं कापतो.

भोकाच्या काठानं बारीक टोचे दिसले. मिसल शिवताना दाभण लागला असेल, असं आधी त्याला वाटलं. मग समासातली दाभणाची भोकं पाहिली. ती ज्वारीच्या दाण्याएवढी होती आणि हे टोचे मुंगीच्या डोळ्याएवढे.

कागदाला ओल लागल्याची खूणही कुठं नव्हती. शाई जशीच्या तशी होती.

शेवटच्या पानावर ज्ञानोबाचा अंगठा होता. शेजारी पंचाचा, तोही अंगठाच. त्या दिवशी वडिलांच्या हाताला कापरं भरलं होतं. "अंगठाच घे," ते म्हणाले होते आणि त्यानं त्यांचं बोट धरून ठसा उठवला होता. गुरुलिंगनं मिसल पिशवीत घातली आणि ईटची वाट धरली.

ज्ञानोबा गाडीच्या आसाला वंगण घालत होता. गुरुलिंगला पाहून त्याचा हात थांबला नाही.

"या मुन्शीसाब."

पूर्वी तो गुरूअण्णा म्हणायचा. गुरुलिंग धुरेवर टेकला.

"ज्ञानोबादादा, आदल्या रात्री गाडी कुठं होती?"

"येशीत. उघड्यावर."

"पाऊस होता?"

"रातभर झोडपलं. पहाटं उघडला."

"मग ते सरमाड कधी अंथरलं?"

"सकाळी. फळ्या वल्ल्या हुत्या. अप्पांचं कापड भिजंल म्हून गाडी दुकानाच्या दारात घेतली, वाळलं सरमाड हातरलं, मंग गाठोडी चढवली. वाशीचा बाजार हुता."

"आणि मग?"

"मंग बैलं आणाया गेलो."

"तेवढ्यात गाडीपाशी कोण होतं?"

ज्ञानोबानं हात फडक्याला पुसला. "तवा इचारलं असतं तर सांगितलं असतं. आता तुमीच हुडका. म्या सांगितलं तर लोक म्हणतील, गाडीवान डाव साधतुया."

गुरुलिंग उठला आणि चावडीकडं निघाला.

बलभीम चावडीच्या ओट्यावर एकटाच बसला होता. लोक त्याच्या शेजारी बसत नसत.

"पाऊस उघडल्यावर तू कुठं होतास, बलभीम?"

"चौकीवर. हजेरीला. अमीनसाबासंगंच येशीत आलो." त्यानं गुरुलिंगकडं पाहिलं. "माझी हजेरी तुमीच तर मांडली हुती, मुन्शीसाब. कुणी पुसलं न्हाय, तुमी बोलला न्हाय."

खरंच होतं. ती हजेरी त्याच्याच हातची होती. गाव बलभीमला नावं ठेवत असताना ती गुरुलिंगला एकदाही आठवली नव्हती.

दुकानात शिवलिंगप्पा उद्याची शाल घडी करत होते. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात धुवट कुडतं. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"अप्पा, त्या सकाळी अमीन झडतीला येतोय हे तुम्हाला कधी कळलं?"

"जुनं कशाला उकरतोस?"

"विचारतोय फक्त."

"नऊ महिने त्याच्या घरी जवारी धाडली म्या. कुणी सांगितलं नव्हतं. आता शाल देतोय, मान देतोय. अजून काय पाहिजे त्याला?"

"तुम्ही त्या काळात वर्तमानपत्र वाचत होता?"

"कापडाचा धंदा माझा. कागद वाचायला सवड कुठं हुती?" शिवलिंगप्पांनी शालीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "जा, जेवून घे."

घरात मल्लम्मा, गुरुलिंगची बायको, पेटी उघडून बसली होती. तिला सातवा महिना होता. पेटीतून तिनं थोरल्या मुलाची, शिवशरणची, तान्हेपणीची कुंची काढली. कुंचीच्या घडीत एक कागद होता. तो नव्या खणावर ठेवून ती सुईनं टाचू लागली.

गुरुलिंग दारातच थांबला. खाली सरळ, वर कमानीसारखा गोल.

"हे काय?"

"कुंची बेतायचा कागद. शिवशरणच्या वेळंचा. ठिवला हुता जपून, लई बरोब्बर बसती याच्यावर."

"कुठून आणला होतास?"

"घरातलाच की."

"घरात कुणाकडं होता?"

मल्लम्मानं सांगितलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. गुरुलिंगनं तो कागद तिच्याकडून मागून घेतला. त्या दिवशी तो जेवला नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. मिसल तशीच बांधून परत न्यावी, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराचीच त्याला जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चावडीपुढं गाव जमलं. ज्ञानोबाला धरून आणून पुढं बसवलं होतं. बलभीम पार मागं उभा होता. शिवलिंगप्पा चार शब्द बोलले, शाल घेऊन उठले.

"थांबा अप्पा," गुरुलिंग म्हणाला. "ज्ञानोबादादांनी एक गोष्ट मागितली आहे. ती आधी देऊ."

त्यानं वर्तमानपत्र चावडीच्या ओट्यावर पसरलं.

"हा कागद बलभीमनं ठेवला नाही. रात्रभर पाऊस होता. रात्री गाडीत ठेवला असता तर त्याचा लगदा झाला असता. तो कोरडा आहे, कारण पाऊस उघडल्यावर अंथरलेल्या वाळल्या सरमाडात तो ठेवला. त्या वेळी बलभीम चौकीवर होता. त्याची हजेरी मीच मांडली होती, आणि दीड वर्ष मी ते बोललो नाही."

लोक मागं वळून बलभीमकडं पाहू लागले.

"सरमाड अंथरलं आमच्या दुकानाच्या दारात. म्हणजे कागद तिथंच गाडीत गेला. आता हे भोक बघा. यात बातमी नव्हती. बाजारभाव कापलाय, तोही अर्धा. ज्यानं कापला त्याला शब्दांशी काम नव्हतं, आकाराशी होतं. काठानं सुईचे टोचे आहेत."

त्यानं खिशातून मल्लम्माचा कागद काढला आणि भोकावर ठेवला. तो चपखल बसला. तुटलेले शब्द एकमेकांना मिळाले. पुढं बसलेल्या बायांना कुंचीचा आकार लगेच ओळखू आला.

"माझ्या बायकोला वाचता येत नाही. तिला तो जुना कागद वाटला. अप्पा, तिनं तो तुमच्या गादीखालून घेतला, कुंचीपुरता कापला आणि उरलेला होता तिथं ठेवून दिला. तुम्ही बार्शीहून ताग्यात घालून अंक आणत होता आणि दार लावून वाचत होता, हे तिनं पाहिलं होतं. त्यात वाईट काही नव्हतं. खरं तर आज तो सत्कार तुमचा झाला असता."

शिवलिंगप्पांच्या हातात शाल तशीच होती.

"अमीन येतोय हे कळलं आणि तुम्ही घाबरलात. दारात भरलेली गाडी होती, ज्ञानोबादादा बैलं आणायला गेले होते. गाडी गावाबाहेर पडली की कागदही जाईल, असं तुम्हाला वाटलं असेल. पण ती वेशीत अडली आणि तुम्हाला पंच केलं. इथल्या कुठल्याही पोराला विचारा, अप्पांची मोडी सही कशी असते. त्या दिवशी तुम्ही अंगठा दिलात. हाताला कापरं होतं ते खरं. पण ज्याला अक्षर येत नाही त्याच्यावर कागदाचा संशय कोण घेईल? वाचणारा अडाणी झाला आणि अडाणी माणूस वाचतो म्हणून तुरुंगात गेला. तो अंगठा मी स्वतः उठवला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं."

पुढच्या रांगेतली माणसं वाकून ओट्यावरचा कागद बघू लागली.

"पोटच्या पोरानं चावडीत उभं केलं," शिवलिंगप्पा हळू म्हणाले.

"मी तुमच्या शेजारीच उभा आहे, अप्पा. मिसल माझ्या अक्षरात आहे."

ज्ञानोबा उठला. शालीकडं त्यानं पाहिलंही नाही.

"म्या त्याच सकाळी वळखलं हुतं," तो म्हणाला. "माझ्या गाडीपाशी दुसरं कोण हुतं? पर गाडीवानाचं कोण ऐकतंय. मला शाल नगं. तवा कागदात ऱ्हायलेली माझ्या बोलण्याची वळ लिवा."

गुरुलिंगनं कोरा कागद घेतला आणि लिहिलं. वाचून दाखवायला तोंड उघडलं तसा ज्ञानोबानं हात आडवा धरला.

"तुमी न्हाय. तुमी लिवलेलं एकदा बघितलंय म्या. अप्पांना वाचता येतंय. त्यांनी वाचावं."

कागद शिवलिंगप्पांच्या हातात गेला. त्यांनी तो लांब धरला, मग जवळ घेतला.

"मला लिहिता-वाचता येत नाही," त्यांनी वाचलं. "तो कागद माझा नव्हता."

"पुढं?"

"पुढं काही लिवलं न्हाय."

"मंग तुमी सांगा."

शिवलिंगप्पांनी कागद ओट्यावर ठेवला. मागं कुणाचंतरी तान्हं रडत होतं. शेवटी ते म्हणाले, "माझा हुता," आणि गुरुलिंगनं तेही लिहून घेतलं.

ज्ञानोबानं अंगठा उठवला. साक्षीदार म्हणून शिवलिंगप्पांनी मागच्यासारखाच शाईकडं अंगठा नेला, भीतीनं की लाजेनं, कोण जाणे. ज्ञानोबानं त्यांच्या हातात टाक दिला.

"सही, अप्पा."

त्यांनी मोडीत पुरं नाव लिहिलं. मग शाल तिथंच ओट्यावर ठेवून ते खाली बसले. ज्ञानोबानं मागं पाहून बलभीमला बोलावलं आणि आपल्या शेजारी जागा करून दिली.

लोक उठू लागले तेव्हा ज्ञानोबा कागद घेऊन गुरुलिंगपाशी आला.

"यातली माझी वळ कंची?"

गुरुलिंगनं बोट ठेवून दाखवली. ज्ञानोबानं वाकून ती पाहिली आणि काळ्या झालेल्या अंगठ्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत मापली.

"एवढीशीच हुती व्हय," तो म्हणाला. "लिवाया किती येळ लागला असता?"