हळद लागलेली जीप

"हात नका लावू."

भूमिकाने धावत येऊन त्याचं मनगट धरलं, तेव्हा त्याची बोटं रेडिएटरच्या झाकणापर्यंत पोहोचलीच होती. पुरुषोत्तमनगरच्या फाट्यावर, कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेतून ही जीप धापा टाकत आली होती आणि नेमकी तिच्या गॅरेजसमोर वाफा सोडत थांबली होती. आतून उतरलेला तरुण कडक इस्त्रीच्या आकाशी शर्टात. उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडलं की थेट तोंड भाजतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. आणि तोंड तर... भूमिकाने नीट पाहिलं... भाजू देण्यासारखं मुळीच नव्हतं.

"थंड होऊ द्या आधी," ती म्हणाली. मनगट सोडायचं राहूनच गेलंय हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं. त्याच्या ते केव्हाच लक्षात आलं होतं. पण बोलला नाही, लबाड.

त्याचं नाव हेमकांत. तापीकाठच्या गावातला, घरची केळीची बाग. जीपमध्ये पुढे बसलेल्या, दागिन्यांनी मढलेल्या बाई म्हणजे त्याची आत्या, रमिलाफुई.

"अव पोरी, लवकर कर व," फुई आतूनच म्हणाल्या. "तळोदाले पोर देखाले चालनूत आम्ही. लोके वाट देखी ऱ्हायनात."

पोर देखाले. म्हणजे मुलगी पाहायला. म्हणून ती इस्त्री. भूमिकाला उगाचच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला. ओळख ना पाळख, आणि हे काय भलतंच.

इंजिन निवल्यावर तिने झाकण उघडलं. आतलं पाणी हळद कालवल्यासारखं पिवळंधमक.

"रेडिएटरमा हयद कोनी टाकी?"

"मीच टाकी," फुई अभिमानाने म्हणाल्या. "पानी टपकी ऱ्हायनं व्हतं. मन्हा भाऊ ट्रॅक्टरमा हयदच टाकस. हयद टाकी का भोक बंद."

भूमिकाने ओठ दाबून धरले, पण हसू कसलं ऐकतंय. "म्हंजे फुई, पोऱ्याना आधी गाडीलेच हयद लागी गयी."

हेमकांत इतका मोकळा हसला की फुईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

बाजूला खाटेवर बसलेले तिचे वडील, रतिलालभाऊ, मात्र हसले नाहीत. वर्षापूर्वी त्यांची कंबर गेली आणि गॅरेज लेकीच्या हातात आलं. तेव्हापासून शहाद्यात गावभर एकच पालुपद होतं, रतिलालभाऊची पोर काय गाड्या दुरुस्त करणार. एक गाडी दुरुस्त न होता परत गेली की गॅरेजला कुलूप, हे बापलेक दोघांनाही ठाऊक होतं.

भूमिकाने इंजिन जरा वेळ चालवून पाहिलं. वरचा पाईप चटका देत होता, खालचा थंडगार. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी फिरू देणारी झडप, बंदच अडकून बसला होता. खालच्या पाईपला तडा गेलेला, तिथून इंजिन थंड ठेवणारं कुलंट गळून गेलेलं, आणि वर फुईंच्या हळदीचा गाळ.

"चार वाजता गाडी देस," ती म्हणाली. "पन सामान शहादाथून आननं पडी."

"मी येस ना संगे," हेमकांत लगेच म्हणाला. त्याच्या येण्याची काही एक गरज नव्हती. भूमिकाने नको म्हटलं नाही.

मोटरसायकल तिने चालवली, तो मागे बसला. हवेत कारखान्याच्या मळीचा गोडसर वास होता आणि तिची वेणी वाऱ्याने पुन्हा पुन्हा त्याच्या खांद्यावर जात होती.

"तुम्ही रोजच इतली जोरमा चालाडतस?"

"घाबरनात का?"

"नही... कसाले धरू ते समजी नही ऱ्हायनं."

"मांगे दांडी शे," ती म्हणाली. आरशात तिचे गाल लाल झालेले त्याने पाहिले, आणि त्याने पाहिलं हे तिनेही पाहिलं.

स्पेअरपार्टच्या दुकानात नवलशेठ म्हणाले, "थर्मोस्टॅट कसाले लेस? काढी फेक. आपला आठला उन्हायामा सगया तेच करतस."

"तेच करतस म्हनीसन तं इंजिनं लवकर जातस," भूमिका म्हणाली आणि नवा थर्मोस्टॅट, पाईप, क्लिपा, कुलंटचा डबा घेऊन निघाली.

गॅरेजवर आल्यावर तिने स्टोव्हवर चहाच्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि नवा थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून आत सोडला. नवा आहे म्हणून डोळे झाकून बसवायचा नाही, उघडतो का ते आधी बघायचं, ही रतिलालभाऊंची शिस्त. दोघं पातेल्यावर वाकून बसले. डोकी अगदी जवळ.

"इंजिन थंड शे तवलोंग हाऊ बंद ऱ्हास," ती सांगू लागली. "गरम व्हयनं का उघडस, मंग पानी फिरस."

"आनि उघडनाच नही तं?"

"तं तुम्हना जीपसारखं. मधलामधी उकयस, बाहेर कोनले समजस नही."

त्याने पातेल्यावरची वाफ हाताने बाजूला सारली. मग हळूच म्हणाला, "माले बी आते तसंच व्हई ऱ्हायनं."

भूमिकाने दोरा उगाचच जरा वर ओढला. "मंग... कितला डिग्रीले उघडतस तुम्ही?"

"उघडाले काय... पन तुम्हीच म्हनात ना, गरम शे तवलोंग झाकण उघडू नही."

तेवढ्यात पातेल्यातला थर्मोस्टॅट सावकाश उघडला. दोघं त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू याआधी जगात काही उघडलंच नव्हतं. खाटेवर बसून फुई रतिलालभाऊंना तळोद्याच्या स्थळाचं वर्णन ऐकवत होत्या, पाच एकर बागायती आणि मुलगी गुणाची.

पुढचं काम भूमिकाने खाली मान घालून केलं. रेडिएटर धुतला, पिवळं पाणी निघून स्वच्छ येईपर्यंत धुतला. नवा थर्मोस्टॅट बसवला, पाईप बदलला, क्लिपा आवळल्या. हात काम करत होते आणि मन भांडत होतं. गाडी वेळेत झाली तर तो जाणार. नाही झाली तर गॅरेजचं नाव जाणार. एक क्लिप जरा ढिली ठेवली असती तर तो अर्ध्या वाटेतून परत आला असता... हा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. तिने ती क्लिप आणखी एक आटा आवळली.

कुलंट भरलं, इंजिन चालू केलं. हवेचे बुडबुडे फुटून गेले. तापमानाचा काटा चढत चढत मधोमध आला आणि तिथेच थांबला. पाईपखाली एक थेंब नाही. चार वाजायला अजून अवकाश होता.

फुई पदर सावरत पुढे बसल्या. हेमकांत स्टिअरिंगपाशी बसला, पण गिअर टाकेना. भूमिका खिडकीशी आली. हात पुसायचं फडकं तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

"गाडी तयार शे," ती म्हणाली. "तळोदाच काय, सुरतलोंग जाई."

तो तिच्याकडे बघत राहिला.

"पन तुम्ही जाऊ नका."

बोलून गेली. फुई ऐकताहेत, आपला बाप ऐकतोय, सगळं कळत असून बोलून गेली. मन मात्र एकदम हलकं झालं होतं.

हेमकांतने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. त्याच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही. त्याने खिशातून मोबाईल काढला.

फुईंनी कपाळावर हात मारला. भाच्याकडे पाहिलं, काळ्या हातांच्या त्या पोरीकडे पाहिलं, आणि काय समजायचं ते समजल्या. "आते त्या लोकेस्ले काय सांगशी?" त्या कुजबुजल्या. "सांगी दे, गाडी बंद पडनी. सुधरी नही."

भूमिकाने चमकून फुईंकडे पाहिलं. ते एक वाक्य तळोद्यात गेलं की दोन दिवसांत तालुकाभर होणार होतं, रतिलालभाऊच्या पोरीला जीप दुरुस्त करता आली नाही म्हणून. पण मागायचं ते एकदाच मागून झालं होतं.

पलीकडे फोन उचलला गेला.

"काका, हेमकांत बोली ऱ्हायनू. माफी करा, आम्ही येत नही." तो थांबला, ऐकलं, मान हलवली. "नही नही, गाडीले काहीच नही व्हयनं. गाडी एक नंबर शे. पुरुषोत्तमनगरमा रतिलालभाऊनी पोरनी दुरुस्त करी, तुम्हनी बी आठेच धाडा." मग भूमिकाच्या डोळ्यांत बघत तो सावकाश म्हणाला, "गाडी निघाले तयार शे, काका. मीच नही निघू ऱ्हायनू."