उलट्या बोटीतली टकटक

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण माझ्या मामाला थापा मारता येत नाहीत, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. पत्ते खेळताना हातात एक्का आला तरी त्याचे कान लाल होतात.

आणि यातला शेवटचा भाग तर माझ्याच बाबतीत घडला आहे.

भुतं रात्री बाराला येतात म्हणे.

हे आलं शनिवारी. भर दुपारी, सव्वातीन वाजता. मामाच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. बाहेर लख्ख ऊन होतं आणि शेजारची बाई दोरीवर चादरी वाळत घालत होती.

मामा लिफ्ट मेकॅनिक. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की फोन यालाच. भरल्या ताटावरून उठून जायचा. त्याचा एक नियम आम्हा भाच्यांना तोंडपाठ आहे.

"आतल्या माणसाला आधी उत्तर द्यायचं. दार नंतर. आतून ठोकलं की बाहेरून ठोकायचं आणि म्हणायचं, घाबरू नका, आम्ही आलोय. माणूस लिफ्ट बंद पडल्याने घाबरत नाही रे. बाहेर कोणीच नाही, या विचाराने घाबरतो."

तीस वर्षांत एकही माणूस आत ठेवून तो घरी आला नव्हता. त्याची बढाई म्हणाल तर एवढीच.

निवृत्त झाल्यावर त्याने घरातले पंखे, कुलुपं, इस्त्री सगळं उघडून पाहिलं. मामीच्या नाकी नऊ आले. मग एक दिवस तो चक्क बोट घेऊन आला.

फायबरची जुनी मोटरबोट. चाळीस वर्षांपूर्वीची. नारिंगी पट्टा, पुढे काच, एका बाजूला स्टिअरिंग.

"घरातला नळ सहा महिने गळतोय," मामी म्हणाली, "आणि तुम्ही बोट आणलीत. तीही गळकी."

"तुलाच फिरवणार आहे तलावात."

मामी हसली. तिला पाण्याची भारी हौस. पण लग्नाला सदतीस वर्षं झाली तरी मामाच्या त्या फोनपायी दोघं कुठे म्हणून गेली नव्हती.

बोट विकणारा म्हातारा गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटाच राहायचा. ट्रेलर त्यानेच जोडून दिला. मामा गाडीत बसला, तेव्हा खिडकीशी आला.

"एकच सांगतो. काम करताना बोट उलटी करू नका."

"का हो काका?"

"नका करू." आणि आत निघून गेला.

मामाला वाटलं, काच फुटेल म्हणून सांगत असेल. म्हाताऱ्या माणसांचा वस्तूंत जीव असतो.

दोन महिने आतलं काम चाललं. कुजलेली फळी उपटून नवी बसवली, वर फायबरचे थर दिले, सीट शिवून आणल्या. फायबर घासलं की त्याची कुसं अंगात शिरतात. मामा रात्रभर खाजवत बसायचा आणि मामी त्याचे कपडे चिमट्याने उचलून वेगळे धुवायची.

मग तळाचं काम आलं, आणि तिथे घोडं अडलं. बोट सरळ ठेवून खालून रेझिन, म्हणजे फायबर चिकटवायचं पातळ रसायन, लावलं तर ते तोंडावर गळतं. तिसऱ्या दिवशी ते मामाच्या केसांत पडून दगड झालं. मामीला कात्री घ्यावी लागली. पुढचे अर्धे केस गेले.

"आता बास," मामा म्हणाला. "उलटीच करू."

काच काढून ठेवली. शेजारी, प्लंबर, मी, असे सहा जण जमलो. बोट उलटी करून उंच लाकडी घोड्यांवर ठेवली. चहा झाला. सगळे पांगले. मीही दोनच्या गाडीने निघालो.

पुढचं मामाने सांगितलेलं.

जुन्या फायबरचे थर कुठे सुटलेत, ते ठोकून कळतं. चांगली जागा टणटणीत वाजते, सुटलेली भद्द वाजते. मामाने छोटी हातोडी घेतली. वीतभर जागा, तीन ठोके. भद्द वाजलं की खडूने गोल.

टक टक टक.

टक टक टक.

असं करत तो स्टिअरिंगच्या बाजूला आला. तीन ठोके मारले आणि खडू घ्यायला वळला.

टक… टक… टक…

आतून.

मामाला वाटलं, मामी चेष्टा करतेय. त्याने वाकून पाहिलं. बोट कमरेएवढ्या उंचीवर होती. खालून आरपार मागची भिंत दिसत होती. कोबा, घासलेल्या फायबरची भुकटी, त्याची एक चप्पल.

कोणी नाही.

तो वाकलेला असतानाच…

टक टक टक टक टक.

हा आवाज मामाने तीस वर्षं ऐकला होता. तापलेला पत्रा असा वाजत नाही. उंदीर असा वाजत नाही. असं फक्त अडकलेला माणूस ठोकतो. बाहेर कोणीतरी आलंय, हे कळल्यावर.

आणि मामाकडून चूक झाली. विचार करून नाही. हाताला सवयच ती. त्याने तीन ठोके परत मारले, फायबरला तोंड लावलं आणि म्हणाला,

"घाबरू नका. आम्ही आलोय."

टकटक थांबली.

मग पुन्हा सुरू झाली… पण सावकाश. शांत. रडून दमलेलं माणूस सुटकेचा श्वास टाकतं, तशी.

मामा रांगत बोटीखाली गेला. बाहेर घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि आत गार. ओल्या कपड्यांचा वास. टकटक त्याच्या कानाशी होत होती. त्याने त्या जागी तळहात ठेवला. हाताखाली फायबर थरथरलं.

हात लागत होता फक्त फायबरलाच.

"अहो, कोणाशी बोलताय?" चहा घेऊन आलेल्या मामीने विचारलं. आणि मग तिनेही ऐकलं. कप तिच्या हातात तसाच गार झाला.

चार वाजून दहा मिनिटांनी टकटक बंद पडली. हळूहळू नाही. मधेच… तोडल्यासारखी.

रविवारी सव्वातीनला परत.

या वेळी दोघांनी ठरवलं होतं, उत्तर द्यायचंच नाही. स्वयंपाकघराचं दार लावून बसले. टकटक वाढली. मग धडधड. मग नखांनी खरवडल्यासारखं काहीतरी… लांबच लांब. मामीने कानांवर हात ठेवले, आणि शेवटी तीच ओरडली, "अहो, उत्तर द्या ना तिला!"

मामा धावत गेला, तीन ठोके मारले. खरवडणं थांबलं.

नंतर त्याने विचारलं, "तिला म्हणालीस. बाई आहे, हे तुला कसं कळलं?"



सोमवारी मामाने दोन महिन्यांचं काम ग्राइंडरने कापून काढलं. नवी फळी, नवे थर, सगळं. आतली पोकळी उघडी केली. कोरडी ठणठणीत. सव्वातीनला टकटक त्या भोकाच्या कडेवरून आली.  आयुष्यभर दारं उघडली होती त्याने. इथे उघडायला दारच नव्हतं.

मंगळवारी सकाळी तो म्हाताऱ्याकडे गेला. म्हातारा पायरीवर बसला होता. मामाच्या तोंडाकडे पाहून म्हणाला,

"उलटी केलीत."

मग सांगितलं. एका दुपारी हा आणि याची बायको तलावात गेले होते. जोराचा वारा आला, याने वळण घाईने घेतलं, आणि बोट पालथी झाली. हा बाहेर फेकला गेला. बायको बोटीखाली. तिच्या लाइफ जॅकेटचा पट्टा स्टिअरिंगमध्ये अडकला.

"पट्टा मीच घट्ट बांधला होता," म्हातारा म्हणाला. "मला पोहता येत नव्हतं. मी वर चढून तळाला चिकटून बसलो. तेवढ्यात आतून टकटक आली. पालथ्या बोटीत हवा राहते ना. ती जिवंत होती. ती ठोकायची, मी ठोकायचो. पंचावन्न मिनिटं."

"मग?"

"मासेमारीची होडी आली. भली माणसं. दोर टाकला, विचारलं, ओढून सरळ करू का? मी म्हणालो, ओढा, लवकर ओढा." म्हातारा आपल्या तळहाताकडे बघत म्हणाला, "बोट सरळ झाली. हवा निघून गेली, पाणी भरलं. पट्टा अडकलेलाच होता. ती तोवर ठोकत होती हो… सरळ होईतोवर."



"सरळ करून ठेवा," म्हातारा म्हणाला. "लगेच थांबेल. मी एकदाच उलटी केली होती, म्हणूनच परत कधी केली नाही." आणि मग हळूच, "अजून… ठोकते?"

"तुम्ही या," मामा म्हणाला. "तुमचा हात ओळखेल ती."

दुसऱ्या दिवशी म्हातारा आला. धुतलेला शर्ट, केस नीट विंचरलेले. मामीने स्टूल दिलं, तो बसला नाही. सव्वातीन वाजले. त्याने स्टिअरिंगपाशी हात ठेवला आणि बोटांच्या पेरांनी ठोकलं.

टक टक टक.

काही नाही.

परत ठोकलं. कान लावला. "मी आहे गं," म्हणाला.

काही नाही.

तो पंचावन्न मिनिटं उभा होता. त्या दिवशी आतून एकही आवाज आला नाही. चार-दहाला त्याने हात काढला.

"ओढा म्हणालो, ते तिने ऐकलं असणार," एवढंच बोलला, आणि गेला. तीन महिन्यांनी वारला.

पण म्हातारा शेडमध्ये येऊन गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे गुरुवारी, मामाने भीत भीत ठोकलं.

टक… टक… टक…

उत्तर आलं.

आता सांगा, काय करायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. प्लंबर म्हणाला, सहा माणसं बोलावतो, दोन मिनिटांत सरळ करून टाकू. मामीही एकदा म्हणाली, करून टाका.

"केली असती गं," मामा म्हणाला. "सरळ केली की ती थांबेल. पण कशी थांबेल, ते आता आपल्याला माहीत आहे ना?"

त्यानंतर मामीने तो विषय काढला नाही.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. बोट अजून शेडमध्ये आहे. उलटीच. मामा रोज सव्वातीनला जातो आणि चार-दहापर्यंत ठोकत उभा राहतो. यंदाचे तीन दिवस सोडले तर एक दिवस चुकवलेला नाही. ना कुठलं लग्न, ना प्रवास. मामीने तलाव अजून पाहिलेला नाही.

यंदा मामाच्या हृदयाचं छोटंसं ऑपरेशन झालं. मामी त्याच्याबरोबर दवाखान्यात. तीन दिवसांसाठी मामाने मला बोलावलं.

"हातोडी खिळ्याला आहे. ती ठोकली की ठोकायचं, बस. आणि हे बघ, तोंडातून शब्द काढायचा नाही. मी बोललो, म्हणून मी अडकलो. तू बोलू नकोस."

पहिल्या दिवशी सव्वातीनला मी हातोडी घेतली आणि तीन ठोके मारले. उत्तर आलं तेव्हा हातोडी हातातून पडली. दुसऱ्या दिवशी जरा सवय झाली.

तिसऱ्या दिवशी चार वाजले. अजून दहा मिनिटं. काय होणार, ते मला ठाऊक होतं. तिला नव्हतं. ती सावकाश, अगदी भरवशाने ठोकत होती.

टक… टक… टक…

चार वाजून नऊ.

मला राहवलं नाही. मी फायबरवर हात ठेवला आणि म्हणालो, "घाबरू नका. मी आहे इथे."

सगळं शांत झालं.

मग बरोबर माझ्या तळहाताखाली… एकच ठोका. हलका.

आणि चार-दहा झाले.

मी त्याच संध्याकाळी माझ्या घरी परतलो. पाच तासांचं अंतर आहे. आठवड्याने मामाचा फोन आला. आवाज थकलेला.

"तू तिच्याशी काही बोलला होतास का रे?"

"नाही," मी म्हणालो. "का?"

"काही नाही. आता मी ठोकलं की ती थांबते. ऐकते. आणि परत धडधड सुरू करते. शांतच होत नाही. कोणाची तरी वाट बघतेय असं वाटतं." मग म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, उभं राहू नका. पण तिला एकटं कसं सोडू?"

मी खोटं बोललो. माझेही कान लाल झाले असतील.

त्याला तीन आठवडे झाले. सकाळी साडेनऊची एक गाडी आहे, ती सव्वातीनच्या आत तिथे पोहोचते. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. रोज ती बघतो, आणि रोज ऑफिसला निघून जातो. एकदा गेलो तर परत येता येणार नाही, हे मला मामाकडे पाहून कळलंय.

सव्वातीनला माझा हात आपोआप टेबलाकडे जातो. शेजारचे बघत नाहीत ना, ते पाहतो, आणि तीन ठोके मारतो.

टक टक टक.

उत्तर येत नाही. ती तिकडे ठोकत असते.