येते म्हणून गेलेले

“जाते म्हणू नये गं, येते म्हणावं. निघालेल्या माणसाच्या तोंडून परत येण्याचा शब्द घ्यावा आणि मगच दार लावावं.”

हे माझ्या आईचं सांगणं. तिला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझ्यासमोरून कुणी उठलं की तिचाच आवाज आधी कानात येतो.

नोकरीत तर मला याचा फारच उपयोग झाला. आमच्या रुग्णालयात ‘लवकर घरी’ नावाचं एक संशोधन चालू होतं. पोटाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णाला वॉर्डात ठेवून घ्यायचं नाही, दोन-तीन दिवसांत घरी पाठवायचं, फोनवर विचारपूस करायची आणि ठरलेल्या तारखांना फेरतपासणीला बोलवायचं. ती फेरतपासणीची खोली माझी. वजन, रक्तदाब, टाक्यांची पाहणी, धीराचे चार शब्द. उठताना रुग्ण म्हणायचा, “जातो, सिस्टर.” मी दारात उभी राहून म्हणायचे, “जातो नाही, येतो म्हणा.” हसत का होईना, सगळे म्हणायचे. म्हटल्याशिवाय मी कुणाला सोडलंच नाही.

मोठे डॉक्टर चारचौघांत माझं कौतुक करायचे. “या सिस्टर आहेत म्हणून आपले रुग्ण हरवत नाहीत.”

‘हरवणं’ हा आमच्या संशोधनातला शब्द. ठरल्या तारखेला न आलेला आणि पुढे ठावठिकाणा न लागलेला रुग्ण म्हणजे हरवलेला. बरा झाला, परत दाखल झाला, वारला, हरवला. प्रत्येक माणूस शेवटी या चारांपैकी एका कप्प्यात जायचा.

संशोधनाला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही, हे आधीच सांगते. पूर्वी मी लहान मुलांच्या वॉर्डात होते. तिथे बाळं दगावायची आणि आम्ही नशिबाला दोष देत बसायचो. मग एक वयस्कर डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी दगावलेलं प्रत्येक बाळ मोजलं, एकही सोडलं नाही. ते कुठल्या खाटेवर होतं, त्याला ऑक्सिजन कुठल्या नळीनं दिला, सगळं पाहिलं. दोष ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीतल्या शिळ्या पाण्याचा निघाला. पाणी रोज बदलायला लागलो आणि वॉर्ड शांत झाला. तेव्हापासून माझ्या लेखी मोजणं हीसुद्धा उपासनाच आहे. पहाटे दिवा लावून मी जपाला बसते, त्यात माझ्या रुग्णांची नावं घेते. एक वेळ जेवते. थट्टेतही खोटं बोलत नाही. येता-जाता ओठ हलत असतात म्हणून मला मागून ‘पुटपुटी सिस्टर’ म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. म्हणोत बिचारे.

माझी खोली तळमजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला. खिडकीतून धुलाईखान्याचं अंगण दिसतं, तिथे पांढऱ्या चादरी वाळत असतात. भिंतीलगत हिरव्या रेक्झिनचं लांब बाक. त्यावर कुणी बसलं की ते हुस्स करून खाली दबतं आणि उठलं की हळूहळू फुगतं. शेजारी वजनाचं यंत्र, पायाखाली लोखंडी पत्रा आणि वर लाल आकडे. एवढंच काय ते सामान.

या ‘लवकर घरी’मध्ये माझी थोरली जाऊ होती.

आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. घरी सोडण्याच्या सकाळी तिनं मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, “साहेब, आणखी एक दिवस ठेवा हो. आत काहीतरी पेटल्यासारखं वाटतंय.”

“आजी, घरची हवा हेच खरं औषध,” ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

“आजी म्हणाला गं मला,” ती माझ्याकडे बघून म्हणाली. “माझ्याहून फार तर दोन वर्षांनी लहान असेल. आरशात बघतो की नाही हा?” मग माझा हात घट्ट धरला. “धाकटे, माझं काही बरंवाईट झालं तर या डॉक्टरांना सांगशील? चारचौघांत सांगायचं. घाई बाईला नव्हती, घाई यांना होती.”

“ताई, असं अभद्र बोलू नये.”

“सांगशील का ते बोल.”

“सांगेन. आता येते म्हणा.”

“येते बाई, येते. तुझ्या तावडीतून सुटका आहे का कुणाची?”

घरी गेल्यावर तिला ताप चढला. दीर आमच्या विचारपूस करणाऱ्या नंबरवर फोन लावत राहिले. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं पलीकडून यंत्र गोड आवाजात सांगत राहिलं. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिला शेवटची आंघोळ मी घातली. पोट फुगून पाटीसारखं ताठ झालं होतं. हे मी माझ्या हातांनी पाहिलं आहे.

दुसऱ्याच दिवशी मी ते संशोधनाच्या कचेरीत सांगून आले. आकड्यांचं काम पाहणाऱ्या गृहस्थांना आम्ही टक्केसाहेब म्हणायचो, कारण ते चहासुद्धा अर्धा कप न म्हणता पन्नास टक्के मागायचे. पुढे एकदा सहज त्यांच्या संगणकाच्या पडद्याकडे माझं लक्ष गेलं. ताईच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘हरवल्या’.

“हरवल्या कशा? मी स्वतः येऊन सांगितलं की तुम्हाला. त्या वारल्या.”

“सिस्टर, घरी वारलेल्यांचा दाखला मुदतीत आला नाही तर त्यांना मृत धरता येत नाही. नियम आहे. वाईट वाटून घेऊ नका.”

“असे किती आहेत?”

“टक्क्यांत सांगू?”

“माणसांत सांगा.”

त्यांनी हसून पडदा बदलला.

मला राग येत नाही असा सगळ्यांचा समज आहे. येतो. फक्त तो आवाजात उतरत नाही, हातात उतरतो. त्या दिवशी माझ्या हातून दोन काचेचे पेले फुटले.

मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. माणूस वाईट नाही, म्हणून तर जास्त संताप येतो.

“वॉर्डात पडून राहिल्यानं, जंतुसंसर्गानं मेलेलेही मी पाहिलेत, सिस्टर. लवकर घरी पाठवणंच योग्य आहे.”

“असेलही, डॉक्टर. मग मेलेल्यांना मोजून ते योग्य ठरू दे.”

“हरवलेला म्हणजे मेलेला नव्हे. हरवलेलं माणूस सापडूही शकतं.” ते समजुतीनं हसले. “तुम्ही एवढ्या देवाधर्माच्या. तुम्ही तरी आशा सोडू नका.”

मी तिला शेवटची आंघोळ घातली होती. आणि हे मला आशा ठेवायला सांगत होते.

ताईच्या फेरतपासणीची तारीख आली. मी ती मुद्दाम लक्षात ठेवली नव्हती, पण दिली मीच होती. सकाळची वेळ, खोलीत ऊन आलेलं, बाकावर कुणी नव्हतं. मी सवयीनं दाराकडे पाहून म्हटलं, “पुढचे या.”

बाक हुस्स झालं.

पार कडेला, दाराजवळ. ताई कुठेही बसली तरी अशीच कडेला टेकायची, केव्हाही उठून जाता यावं म्हणून. रेक्झिन तिथे दबलेलं होतं आणि दबलेलंच राहिलं. जुनं सामान, आतली हवा गेली असेल, असं मी मनाशी म्हटलं. मग ते सावकाश फुगलं आणि वजनाच्या पत्र्यावर खट् आवाज झाला. लाल आकडे भरभर फिरले आणि थांबले. तो आकडा मी ओळखला. घरी सोडताना तिचं वजन मीच केलं होतं आणि त्यावरून तिची थट्टाही केली होती. दशांशासकट तोच आकडा.

मी यंत्राची वायर काढली, परत लावली. आकडा तोच.

दुपारी यंत्रं दुरुस्त करणारा आला. मोठा बडबड्या माणूस. “सिस्टर, उपास सोडा. भास व्हायला लागले तुम्हाला.” त्यानं पत्रा पुसला, शून्य आणलं आणि स्वतः वर चढला. “आयला, एवढा सुटलो मी? बायकोला सांगायला नको.” मग तो हसत हसत खाली उतरला.

आकडा शून्यावर गेला नाही. ताईच्या आकड्यापर्यंत खाली आला आणि थांबला.

त्यानं पत्र्याखाली वाकून पाहिलं, हातानं चाचपलं. मग घाईघाईनं हत्यारं पिशवीत भरली.

“दुसरं यंत्र आणतो,” दारातून तो म्हणाला. “जातो, सिस्टर.”

त्याला मी येतो म्हणायला लावलं नाही.

नवीन यंत्र आलं. पुढच्या तारखेलाही ताई आली. या वेळी आकडा वाढलेला होता. पुढच्या खेपेला आणखी वाढला. आजारी माणसाचं वजन वाढलं की मला बरं वाटतं, एवढ्या वर्षांची सवय आहे ती. या आकड्याकडे पाहून मात्र बरं वाटलं नाही.

मग इतर दिवशीही बाक दबायला लागलं. कधी मधोमध, कधी भिंतीकडच्या टोकाला. एकदा रक्तदाबाचा पट्टा टेबलावर पडल्या पडल्या फुगला आणि गोल होऊन राहिला, आत दंड असावा तसा. पहाटेच्या जपात मी हरवलेल्यांची नावं गाळली नव्हती. आता तर ती घेताना मी थांबायचे, एकेकाला वेळ द्यायचे.

एका सकाळी टाके दाखवायला आलेल्या एक मावशी दाराशी ताटकळत उभ्या होत्या.

“बसा ना, मावशी.”

“कुठं बसू?” त्या चिडून म्हणाल्या. “त्या बाईंना म्हणावं जरा सरका की. सगळे पसरून बसलेत.”

बाकाकडे पाहण्याचं मला धाडस झालं नाही. मी माझी खुर्ची पुढे केली.

पुढच्याच आठवड्यात बैठक होती. सर्वांत वरच्या मजल्यावरचं सभागृह, बाहेरगावचे तज्ज्ञ, अधिकारी. मोठे डॉक्टर ‘लवकर घरी’चा निष्कर्ष मांडणार होते. एकही मृत्यू नाही, काही जण हरवले. तज्ज्ञांनी मान डोलावली की दुसऱ्या दिवसापासून आमच्या सगळ्या वॉर्डांत आणि पुढे इतर रुग्णालयांतही हीच रीत. सकाळी मी वॉर्डातून येताना खाटांवरची माणसं पाहिली. एक तरुण बाई पोटावर हात ठेवून पडली होती. मला म्हणाली, “सिस्टर, उद्या सोडणार म्हणे मला. आत जरा जळजळतंय, पण ते म्हणतात होतं असं.”

दुपारच्या आत मोठे डॉक्टर स्वतः माझ्या खोलीत आले. नवा कोट, प्रसन्न चेहरा.

“सिस्टर, वर या. पाहुण्यांना तुमचं ते ‘येते म्हणा’ ऐकायचंय. एवढंच सांगा हं. बाकी काही नको.”

“डॉक्टर, ताईंना मृतांत घ्या. सगळ्यांना घ्या. मग मी काहीच बोलणार नाही.”

“पुन्हा तेच?” त्यांचा आवाज चढला. “हरवलेत ते! कुठून आणू मी त्यांना?”

बाक हुस्स झालं.

या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्यांनी तिकडे पाहिलं. मग वजनाच्या यंत्राकडे पाहिलं. लाल आकडे फिरत होते, थांबत होते, पुन्हा फिरत होते. एकामागून एक चढून उतरावं तसे.

“हे यंत्र बदला,” ते म्हणाले.

“बदललंय.”

ते दाराकडे वळले. उंबऱ्यात पोचले आणि अंग चोरून बाजूला झाले, समोरून आत येणाऱ्याला वाट द्यावी तसे. मग स्वतःच दचकले. दारात कुणी नव्हतं.

“मी पुढे होतो,” ते पुटपुटले आणि व्हरांड्यातून जवळजवळ पळतच गेले.

खोलीत ऊन होतं. बाहेर चादरी हलत नव्हत्या. मी हात धुतले, पदर नीट केला, मनात देवाचं नाव घेतलं. खोटं न बोलण्याचं व्रत माझं आहे, गप्प बसण्याचं नाही.

“चला,” मी म्हटलं.

माझ्या मागे बाक फुगत गेलं. सावकाश, एका टोकापासून.

रुग्णांची खाट मावेल एवढी मोठी लिफ्ट रिकामीच खाली आली. मी आत शिरून कोपऱ्यात उभी राहिले. एका वेळच्या जेवणाचं माझं वजन ते किती. वरच्या मजल्याचं बटण दाबलं. दार मिटत आलं आणि परत उघडलं. लाल दिवा लागला, घंटा वाजायला लागली. वजन जास्त.

घंटा थांबेना.

मी कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही.

“थोडे जण जिन्यानं या,” मी म्हटलं. “ताई, तुम्ही आतच थांबा.”

घंटा थांबली. दार मिटलं.