पडलो, उचल

निनाद खोचरेनं गेम सोडून महिना झाला होता, आणि काल संध्याकाळी त्यानं तब्रेजला तीनदा मरणातून वाचवलं होतं.

असं तब्रेजचं म्हणणं. त्याचा निरोप आला तेव्हा निनाद चंद्राच्या दक्षिण टोकावरच्या तळावर, बर्फ खणायच्या यंत्राचे दात घासत बसला होता. तब्रेजचा आवाज नेहमीसारखाच, तोंडात वडा असल्यासारखा. "काय लगा निन्या, काल लई भारी खेळलास. पुलावर तू आला नसतास तर आपला विषय संपला होता. आणि ती म्हशीची गोष्ट, समी अजून हसालीय."

निनादनं निरोप पुन्हा ऐकला. म्हशीची गोष्ट त्याला माहीत होती, अगदी पाठ होती. पण सांगितली कुठे होती?

तर हे तिघं गडहिंग्लजचे, शाळेपासूनचे. तब्रेज घरांवर सोलर बसवतो, समिधा गुरांची डॉक्टर आहे, आणि निनाद दोन वर्षांच्या करारावर चंद्रावर आलेला. निघताना तिघांनी ठरवलं होतं, काही झालं तरी रोज संध्याकाळी 'शेवटची चौकी' खेळायची. युद्धाचा गेम. पडकं गाव, चारी बाजूंनी शत्रू, मध्ये आपली टोळी. गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही, पडतो. पडलेल्यानं ओरडायचं, "पडलो, उचल." मग दोस्तानं गोळ्या चुकवत यायचं, गुडघ्यावर बसायचं आणि त्याला उभं करायचं. वेळेत कोणी आलं नाही तर खेळ खलास.

आणि महिन्यापूर्वी झालं काय, तर निनाद त्या पुलावर पडला, घसा फाटेपर्यंत ओरडला, आणि हे दोघं आकाशातून पडलेल्या दारूगोळ्याच्या पेटीमागे पळाले. वर तब्रेज म्हणतो, "थांब की जरा, पेटी घेऊन आलोच." आला नाही. दोघं हसत होते.

निनाद रुसला. आता ह्या तिघांत रुसायची एक पद्धत होती. रुसणाऱ्यानं कडी लावायची नाही, दार नुसतं लोटून ठेवायचं, म्हणजे मनवायला येणाऱ्याला आत येता येतं. म्हणून ह्यानं गेम बंद केला नाही. डोक्यावरचा हेडसेट काढला, चालूच ठेवला आणि उशीशेजारी ठेवून दिला. आता म्हणतील, मग म्हणतील, ये की निन्या, सोड राग. रोज संध्याकाळी हेडसेटमधून नुसते हसण्याचे आवाज यायचे. निनादचा राग आणखी वाढायचा. शेवटी त्यानं आवाज बारीक केला आणि भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला.

आणि आता हा निरोप. तो तसाच, हात न धुता, डॉक्टर अन्विता तेरदाळकरांच्या खोलीत घुसला. तळाचा पृथ्वीशी संपर्क त्या सांभाळायच्या, आणि गेमच्या ज्या भागाला 'अटकळ' म्हणतात तो बनवणाऱ्यांत त्या होत्या.

"मॅडम, माझ्या नावावर कोण खेळतंय?"

"तूच," त्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या.

"मी खेळत नाही. महिना झाला."

"मग हेडसेट चालू का ठेवलास?"

"रुसलो होतो."

डॉक्टरांनी वर बघितलं. "रुसलास तर बंद करायचा ना."

"बंद केल्यावर मनवणार कसे?"

त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, यंत्राला रुसवा कळत नाही. त्याला वाटलं, तुझा सिग्नल अडकलाय. बस. समजावते."

प्रकाशाहून वेगानं काही जात नाही, आणि इथून पृथ्वीवर जायला प्रकाशालाही सव्वा सेकंदाच्या वर लागतो. जाऊन परत यायला अडीच. गप्पा मारताना चालून जातं, पण बंदुकीच्या गेममध्ये अडीच सेकंदांत माणूस दोनदा मरतो. तू गोळी झाडशील तेव्हा समोरचा तिथं नसेलच. म्हणून अटकळ. ही युक्ती जुनीच आहे. पृथ्वीवरसुद्धा नेट अडकलं की पळणारा सैनिक गेम तसाच पुढे पळवायचा, हा माणूस असाच पळेल असं धरून. तेव्हा अंदाज डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा असायचा. मग यंत्रं शिकली. माणूस कुठे वळतो, कधी घाबरतो, कोणता विनोद कधी करतो, तेही आवाजासकट. आणि टोळीतला एक जण चंद्रावर असला की सगळ्या टोळीलाच अटकळ लागते. त्यांना तुझी, तुला त्यांची.

"म्हणजे अडीच सेकंदांची सोय," निनाद म्हणाला, "तिनं महिना खेचला?"

"तिला थांब असं कोणी सांगितलंच नाही."

"पण मी तीनदा कशाला उचलेन त्याला? मी एवढा चांगला नाही खेळत."

इथे डॉक्टर जरा खुलल्या. "तुला काय वाटतं, ह्या गेममध्ये मजा कशात असते?"

"हेडशॉट."

"सगळे हेच सांगतात. आम्ही शेकडो खेळाडूंच्या डोक्याला तारा लावून बघितलं. नेम लागल्यावर आनंद होतो, पण टिचभर. खऱ्या लढाईत काय असतं? नुसतं बसून राहणं, चिखल, भीती, गोळी कुठून आली तेही कळत नाही, आणि मेलेला मेलेलाच राहतो. गेम ह्यातली वाट बघणं काढून टाकतो. इकडे बोट दाबलं, तिकडे लगेच काहीतरी होतं. आयुष्यात असं कधी होतं का? पण सगळ्यात उंच रेघ कुठे जाते माहितीये? माणूस पडतो, उचल म्हणतो आणि पलीकडून कोणीतरी म्हणतं, आलो. ह्या एका शब्दाला. म्हणून आम्ही अटकळीला तेच शिकवलं. ती नेहमी येते."

"आणि त्या दिवशी पुलावर? का नाही आली?"

डॉक्टरांनी तारीख विचारली, काहीतरी चाळलं. "त्या दिवशी सूर्यावर वादळ होतं. त्यात यंत्रं बिघडतात, म्हणून अटकळ बंद ठेवली होती. तू सारखा पडत असशील बघ."

"मला वाटलं, माझा हात बसला नाही."

"नाही. त्या दिवशी सगळे खरे होते."

निनाद त्यांच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे पळाले ते माझे दोस्त. आणि एरवी धावत यायचे ते तुमचं यंत्र."

"दर वेळी नाही रे."

"कोणत्या वेळी कोण, हे सांगता येईल?"

"आता नाही येणार," त्या म्हणाल्या.

मग त्यानं गडहिंग्लजला फोन लावला. फोनला अटकळ नव्हती, त्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर खड्डा, आणि त्या खड्ड्यात दोघं एकदम बोलायचे. निनादनं सगळं सांगितलं. तब्रेजला पटेना.

"अरे काल बोललास की तू माझ्याशी."

"तो मी नव्हतो, तब्या."

खड्डा. "मग म्हशीची गोष्ट कुणी सांगितली?"

"यंत्रानं."

खड्डा. मग समिधाचा आवाज, "थांब थांब. म्हणजे तू महिनाभर रुसून बसलावतास? आणि आम्हाला पत्ताच नाही?" आणि ती हसत सुटली, आणि ते हसू निनादपर्यंत पोचलं तेव्हा तो काहीतरी रागानं बोलून मोकळा झाला होता, आणि मग ते तिला ऐकू गेलं, आणि ती गप्प झाली. "सॉरी रे," ती म्हणाली. "आज खरंखुरं खेळू. बंद कर ते."

संध्याकाळी अटकळ बंद करून तिघं उतरले. काय सांगायचं. निनाद भिंतीआड लपायचा तोवर त्याला गोळी लागून गेलेली असायची. तब्रेज पडला, "उचल" म्हणाला. निनाद जीव तोडून पळाला, आणि त्याचा "आलो" पोचेपर्यंत तब्रेज मेला होता. दुसऱ्या डावात दोघं नुसते निनादलाच उचलत होते. एकदा, दोनदा, पाचदा. आधी हसत, मग गप्प, मग समिधा म्हणाली, "निन्या, हलू नको ना रे, जिथं आहेस तिथंच बस." तिसऱ्या डावात तिला एका गाईचा फोन आला. गाय खरोखर अडली होती का, कोण जाणे.

तब्रेज मागे राहिला. "भावा, राग मानू नको. बोलायचं असलं तर फोनवर बोलू, रोज बोलू. पण गेमला ते चालू ठेव की."

"म्हणजे तुला तो जास्त आवडतो."

खड्डा. "मला तूच आवडतोस. पण खेळायला मजा यायला पाहिजे की नाही?"

निनादनं अटकळ चालू केली. दोन-चार दिवस खेळलाही. पण तब्रेज धावत आला की ह्याच्या मनात यायचं, हा कोण? आणि एकदा असं मनात आलं की मग कसली मजा. त्यानं हेडसेट काढला. ह्या वेळी रागानं नाही. सांगितलं असतं तर दोघांना वाईट वाटलं असतं, म्हणून फक्त चालू ठेवला. फोनही रोज कसला होतोय. रोज संध्याकाळी भेटतोच की, असं सगळ्यांनीच धरलेलं.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी त्याला बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावर वैताग होता, आणि वैतागाच्या मागे आणखी काहीतरी.

"हे बघ. मला दाखवायची परवानगी नाही, पण बघ."

स्क्रीनवर पडकं गाव, गावात तीन सैनिक. प्रत्येकाच्या डोक्यावर एक ठिपका. "खरा हात असेल तर हिरवा," डॉक्टर म्हणाल्या, "अटकळ असेल तर पिवळा."

तिन्ही पिवळे होते.

"आज दोघांनाही काम असेल," निनाद म्हणाला.

"तीन आठवडे असंच आहे. तिघांचे हेडसेट चालू, आणि आत कोणी नाही. मजेचा आकडा बघ, इतका वर आम्ही कधी पाहिला नाही. मी वैतागलेय रे. बंद करायला गेले तर नियम म्हणतो, खेळाडूनं स्वतः सांगितलं पाहिजे. तू सांग त्यांना."

त्यानं तिथूनच फोन लावला. आता खडसावायचंच, असं ठरवून. तब्रेजनं उचलला आणि ह्याला तोंड उघडू न देता सुरू झाला, "निन्या, काल काय खेळलो रे आपण. तू होतास म्हणून वाचलो, लगा."

डॉक्टर निनादकडे बघत होत्या. अडीच सेकंद कधीच उलटून गेले होते. पलीकडे तब्रेज वाट बघत होता, आणि त्याच्या श्वासावरून कळत होतं की तो घाबरलाय.

"तू पण भारी खेळलास," निनाद म्हणाला.

खड्डा. "मग?" तब्रेजचा जीव भांड्यात पडलेला ऐकू आला. "आज येणारेस ना?"

"येणार की."

फोन ठेवल्यावर डॉक्टर उसळल्या. "का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? 'मी नव्हतो हे तुला कसं कळलं,' असं तो विचारणार. मग मीही नव्हतो, हे सांगावं लागेल. आणि समीलाही सांगावं लागेल. मग तिघं मिळून काय करणार आम्ही, मॅडम? पुन्हा ते खरंखुरं खेळणार?"

स्क्रीनवर समिधाचा सैनिक पुलावर कोसळला. "पडले रे, उचला," तिचा आवाज आला, अगदी तिचाच, हसू दाबत काढलेला. दोन्ही बाजूंनी दोघं सैनिक पेटी सोडून तिच्याकडे पळत सुटले.

"आलो," निनादचा आवाज म्हणाला.

निनाद तोंड मिटून बघत राहिला.