सिल्फियनचं मूळ

रोमन सुभेदाराला ताटात सिल्फियन हवं होतं, म्हणून माझा थोरला भाऊ कार्नीस तुरुंगात होता. याच झुडपाच्या औषधी, चवदार चिकावर लिबियातलं आमचं ग्रीक शहर किरीनी गब्बर झालं. आमच्या नाण्यांवरही तेच. पुढे रोमन ठेकेदारांनी माळावर मेंढरं सोडली आणि झुडूप दिसेनासं झालं.

"तुम्ही ग्रीक लोक लपवता," सुभेदार म्हणाला. "एक झुडूप आण, भाऊ घेऊन जा."

मी, फिलोनमामा आणि लिबियन धनगर इत्थाल दक्षिणेच्या माळावर निघालो. बरोबर इत्थालची शेळी. सिल्फियन खाल्लं की मेंढी झोपते, शेळी शिंकते. आपल्या नजरेतून सुटलेलं झुडूप शेळी बरोबर हुडकते.

आणि दक्षिणेचा वारा उठला! वाळूने दिवस काळा केला. आम्ही घोंगड्याखाली पडून राहिलो. वारा थांबला तेव्हा पाण्याची पखाल फाटली होती.

"शेळी कापा," मामा म्हणाला. त्याचे ओठ फुटले होते. "रक्त तरी पिऊ."

"मग दादाला काय तुझी दाढी देऊन सोडवू?"

"शेळीला नाक आहे, म्हाताऱ्याला नुसती जीभ," इत्थाल म्हणाला. "कापायचंच तर विचार करून कापा."

मामाही हसला. दुपारी चालता चालता तो खाली बसला, तो उठलाच नाही. आम्ही त्याच्यावर दगड रचले. आईला काय सांगू, एवढंच माझ्या मनात होतं.

पुढच्या घळीत शेळी शिंकली. पुन्हा शिंकली! मी धावलो. शिंगं धरली, मागे ओढली. एक झुडूप! एकच! तिथेच वाळू उकरल्यावर गढूळ पाणी लागलं आणि आम्ही जगलो.

"अर्धं मूळ जमिनीत राहू दे," इत्थाल म्हणाला. "तुझ्या-माझ्या बापजाद्यांची रीत आहे."

"अर्धं नेलं तर तो अर्धाच भाऊ देईल."

मी ते मुळासकट उपटलं.

सुभेदाराने ते माशावर किसून खाल्लं, बोटं चाटली.

"म्हणजे उगवतं तर! लपवतच होतात. पुढच्या वर्षी टोपलीभर आण. तोवर भाऊ राहील इथेच."

पहारेकऱ्याने मला गजांपर्यंत जाऊ दिलं.

"मिळालं का रे?" दादाने विचारलं.

"मिळालं."

"मग मामाला म्हणावं, माझ्या वहाणा घेऊन ये. अनवाणी नाही मी घरी यायचा."

मी बरं म्हणालो.