सरळ रांगेतलं तण

"चला, चौदा नंबरचा एकदाचा निकाल लागला!" फाटकावरची नोटीस वाचत सुनेत्रामावशी म्हणाली. "शनिवारी मशीन फिरवणार आणि प्लॉट दुसऱ्याला देणार. नुसतं रान माजलंय तिथे!"

"कोणाचा आहे तो, मम्मा?" तनिषाने विचारलं.

"कोण जाणे! वर्षभर कुणी फिरकलेलं नाही म्हणे. तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही."

मोठ्या माणसांचं एक बरं असतं. न बघताच त्यांना सगळं दिसतं!

ईशानी वहीत काहीतरी लिहीत होती. साताऱ्याहून साउथहॅम्प्टनला येऊन तिला पाच महिने झाले होते. आई हॉस्पिटलात डॉक्टर, तिच्या शिफ्टचा काही नेम नाही. म्हणून ऑगस्टची सुट्टी शेजारच्या सुनेत्रामावशीकडे. मावशीने भाजी लावायला जमिनीचा एक तुकडा भाड्याने घेतला होता, इथे त्याला अलॉटमेंट म्हणतात. रोज सकाळी मावशी टोमॅटोंत गुंतायची, तनिषा फोनमध्ये आणि ईशानी तिच्या वहीत.

साताऱ्याला वक्तृत्वाची बक्षिसं मिळवणारी ही मुलगी. पण इथल्या शाळेत "इन द बॅग", "आफ्टर लंच" एवढ्यावरच भागवायची. पूर्ण वाक्य ओठांपर्यंत यायचं आणि माघारी फिरायचं. मुलं थोडा वेळ वाट बघायची, मग दुसरीकडे वळायची. तेव्हा तिला फार एकटं वाटायचं.

"तू रोज काय लिहिते गं?" तनिषाने वही ओढली.

"फ्रेजेस. बाईंनी सुट्टीत रोज दहा गोळा करायला सांगितल्यात. जे दिसेल ते, तारीख टाकून."

"सो बोरिंग! मला तर टाइप्स कळतच नाही."

"सोपं आहे अगं. फ्रेज म्हणजे शब्दांची जुडी. वस्तू सांगते ती नाउन फ्रेज. कुठे, कधी सांगते ती प्रेपोझिशनल. कशी आहे ते सांगते ती ॲडजेक्टिव्ह. जुडी नुसती बांधलेली असते, तिची भाजी झालेली नसते. भाजी झाली की वाक्य!"

तनिषा खो खो हसली आणि वाचू लागली. "अ वेट वॉटरिंग कॅन. नाउन. बिहाइंड द शेड. प्रेपोझिशनल. कुठला शेड?"

"चौदा नंबरची. इथून मागची बाजू दिसते ना."

"वेट? पण या वीकमध्ये पाऊस कुठे आला?"

दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. सोमवारी ओला झारा, मंगळवारी ओला झारा, बुधवारीही! तनिषाने भराभर पानं उलटली. "इन थ्री स्ट्रेट रोज... ईशानी! तण कधी लाइनमध्ये उगवतो का?"

दोघी धावत चौदा नंबरवर गेल्या. ईशानीने एक कोवळं पान खुडलं. मागून पांढरट, पिठूळ. तिला एकदम आजोबांबरोबरची मंडई आठवली.

"चाकवत आहे हे!" ती ओरडली. "ताकातली भाजी करतात!"

"हा भाजी आहे? इथे सगळे हा उपटून फेकतात!"

सुनेत्रामावशीने हात झटकले. "मी मुंबईची बाई, पालक खाल्लेली. मला नका विचारू!" अलॉटमेंटच्या सेक्रेटरीबाई तर फाटकापाशीच थांबून कागदावर खुणा करायच्या, आत पाऊल टाकायच्या नाहीत. मुलींनी चाकवताचं सांगताच त्यांनी घड्याळ बघितलं. "शनिवारी दहाच्या आत मालकाला आणा आणि इथे खरंच काही पिकतंय हे दाखवा. नाहीतर मशीन फिरणार!"

झारा सकाळीच ओला असायचा. म्हणजे जो कोणी येत होता तो भल्या पहाटे येत होता!

"मम्मा, टोमॅटोला पहाटे पाणी घातलं की ते डबल गोड होतात!" तनिषाने गंभीर चेहऱ्याने थाप मारली. मावशी फसली. शुक्रवारी सहाच्या ठोक्याला तिघी हजर! झोपेचं खोबरं झालेली मावशी जांभया देत पाणी घालत होती. मुली चौदा नंबरच्या शेडच्या पुढच्या कोपऱ्याआड लपल्या.

मागच्या गल्लीतलं छोटं दार करकरलं. काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी झारा भरला आणि ते रोपांशी हळू आवाजात बोलू लागले. मराठीत!

"आजोबा, ते चाकवत आहे ना?" ईशानीच्या तोंडून निघून गेलं.

झारा हातातून पडला. "कोण? कोण बोललं?"

त्यांचं नाव योना. तरुणपणी मुंबईहून इथे आलेले. "ज्युलिएट, माझी बायको, पुण्याची," ते म्हणाले. "तिला चाकवताशिवाय चैन पडायची नाही. तिनेच बी आणलेलं. ती जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून कुणी माझ्याशी मराठीत बोललेलं नाही, पोरी."

"पण इतक्या पहाटे का येता?"

"दिवसा लोक विचारतात, कसे आहात? काय सांगू त्यांना?"

मोठं घर सोडून ते एका खोलीत राहायला गेले होते. नवा पत्ता त्यांनी सेक्रेटरीबाईंना स्वतः सांगितला होता. पत्रं मात्र जुन्याच घरी गेली. मागच्या दाराने येत असल्यामुळे नोटीसही त्यांनी पाहिली नव्हती. ती ऐकून ते मटकन खाली बसले. ज्युलिएटचं तेवढंच तर उरलं होतं.

शनिवारी दहाला मशीन घुरघुरत उभं होतं.

"पण इथे सगळं तणच आहे," सेक्रेटरीबाई योनाआजोबांना म्हणाल्या. "आणि कोणीही येत नाही, हे मी स्वतः पाहिलंय."

"जाऊ दे, पोरी," योनाआजोबा पुटपुटले. "म्हातारा माणूस कुठवर भांडणार?"

ईशानी पुढे झाली. पूर्ण वाक्य काही सुचेना. मग तिने वहीच उघडली.

"मंडे, फोर्थ ऑगस्ट. अ वेट वॉटरिंग कॅन. बिहाइंड द शेड. ट्यूजडे. फ्रेश फुटप्रिंट्स. नियर द बॅक गेट. वेन्सडे. यंग ग्रीन प्लांट्स. इन थ्री स्ट्रेट रोज..."

ती वाचतच गेली. मशीनवाल्याने इंजिन बंद केलं. आता तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता, आणि कुणीही दुसरीकडे वळलं नाही.

"आता रजिस्टर बघा प्लीज!" तनिषा म्हणाली.

सेक्रेटरीबाईंनी पानं उलटली आणि त्या लालबुंद झाल्या. नवा पत्ता त्यांच्याच अक्षरात होता! त्यांनी योनाआजोबांची माफी मागितली, नोटीस टराटरा फाडली आणि पहिल्यांदाच वाफ्यात उतरून चाकवताचं पान हुंगून पाहिलं.

"शाब्बास गं पोरींनो!" सुनेत्रामावशी म्हणाली. "मी रोज शेजारी असून मला दिसलं नाही!"

"तुला एवढं सगळं कसं दिसलं?" सेक्रेटरीबाईंनी ईशानीला विचारलं.

ईशानीने त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"आय वॉज अलोन," ती म्हणाली, "सो आय लुक्ड."

सुनेत्रामावशीने हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला. योनाआजोबा खाली वाकले, कोवळं चाकवत खुडून त्यांनी दोऱ्याने जुडी बांधली आणि तिच्या हातात दिली.

"आईला ताकातली करायला सांग. आणि उद्या सहाला ये. पाणी मी घालतो गं, तू नुसती बोलायला ये."

"मी पण येणार!" तनिषा ओरडली. "पण आजोबा, सहाच्या ऐवजी आठला चालेल?"