सॅमसनकाकांचा शनवार

शुक्रवारी संध्याकाळी मी पेट्रोलच्या कॉकचा, म्हणजे टाकीखालच्या तोटीचा, वॉशर आणायला पनवेलच्या बाजारात गेले होते. एवढीशी रबराची चकती. दुकानदाराने आधी माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या पाहिल्या, मग नमुन्याला नेलेला कुजका वॉशर पाहिला आणि म्हणाला, "ताई, मिस्टरांना पाठवा ना. तुमचा उगाच हेलपाटा."

"येझदीचा आहे. तुमच्या मागच्या फळीवर, तिसऱ्या डब्यात," मी म्हटलं.

तिसऱ्या डब्यातच निघाला. त्याने तो कागदात बांधून दिला आणि वर माझ्याकडे न बघता म्हणाला, "मिस्टरांना नमस्कार सांगा."

मी फारशी बोलत नाही. सासरी याचा अर्थ 'गुणाची आहे' असा घेतला गेला आणि मीही तो खोडून काढला नाही. माझ्या ट्रंकेत शालूच्या खाली पान्यांचा अख्खा सेट आहे हे त्यांना कळायला दीड महिना लागला. पेणला बाबांचं गॅरेज आहे. मी त्यातच वाढले. सासरच्या घरामागच्या शेडमध्ये, जाळ्याखाली झाकलेली येझदी मोटरसायकल दिसली, तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

ती माझ्या सासऱ्यांची. भगवान त्यांचं नाव. मी लग्न होऊन आले त्याच्या आठ वर्षं आधी गेले. गाडी त्याच्याही आधीपासून, चौतीस वर्षं तशीच उभी होती. पाच महिने मी तिच्याशी झटत होते. जाम झालेलं इंजिन डिझेलमध्ये भिजत घातलं, सिलिंडर लेथवर बोअर करून आणला, वायरिंग नवीन ओढलं, माझे पाय पुरावेत म्हणून सीट दोन इंच खाली घेतली, हँडल छोटं केलं. टाकीला रंग दिला तो कैरीसारखा हिरवा. हळदीच्या दिवशीची पांढरी ओढणी फाडून तिची फडकी केली. हे शेवटचं सासूबाईंच्या फार जिव्हारी लागलं.

"शनवारी पाचला भंगारवाला बोलावलाय," त्यांनी आठवड्यापूर्वीच सांगून टाकलं होतं. भामा नावाची ही बाई शब्दाला पक्की. "त्याचा टेम्पो दारात येयाच्या आत गाडी चालू झाली तर ठेव, मी काय बोलणार नाय. नाय झाली तर गेली. मंग त्या शेडचं नाव काढायचं नाय."

आणि आता शुक्रवार होता. एकवीस नोव्हेंबर. अमावस्या आदल्या दिवशी झालेली. हरेश, म्हणजे माझा नवरा, तळोज्याला रात्रपाळीला गेलेला. जेवणं झाली आणि आम्ही ओट्यावर बसलो; मी, नणंद दिपिका आणि सासऱ्यांचे थोरले भाऊ जगनकाका. त्यांची हयात मिठागरावर गेली. पायांना अजून भेगा आहेत आणि गोष्टींना मीठ.

"वॉशर आनलास?" काकांनी विचारलं.

"हो. बसवते आता. रात्रीच चालू करून बघते."

काका म्हणाले, "आज नको."

"का?"

"आज शुक्रवार हाय."

दिपिका खुदकन हसली. "काका, सुरू करा. मला माहितीय तुम्हाला सांगायचंय."

"हसू नको गो. ही गोष्ट नाय, झालेली हकीकत हाय. मी डोळ्यांनी नाय बघितली. पण भगवाननं त्याच पहाटेला मला सांगितली आणि भगवान खोटं बोलणारा माणूस नव्हता."

घरात भांडी घासायचा आवाज चालू होता. तो थांबला.

"ही गाडी पहिली सॅमसनची," काका सांगू लागले. "पनवेलला पोस्टात होता. बेने इस्रायली, आपल्या कोकणातला ज्यू. बोलायला आपल्यासारखाच, जवळ्याचं कालवण आपल्या घरी कधी खाल्लं नाय तेवढंच. त्यांना जवळा चालत नाय. गाडीवर लय जीव. सहा दिवस ओट्यावर तिला उघडायचा नि बांधायचा. पण शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी हात धुवायचा. त्यांचा शब्बाथ, सुट्टीचा वार. शनवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत काम नाय. हाताला सवय, उगाच चुकून गाडी चालू व्हायची, म्हणून पेट्रोलचा कॉक बंद करायचा नि त्याला पांढरं फडकं बांधून ठेवायचा. सुरगाठ. ओढली की सुटणारी. शनवारी तिसरी चांदणी दिसली की गाठ ओढायची आणि किक."

"मग?"

"मंग तो वारला. पोरगी बथशेबा, ती इस्रायलला जायला निघाली. गाडी भगवानला दिली. बोलली, भगवानदादा, एकच करा. बाबांचा शनवार तेवढा पाळा. भगवान हो बोलला. तरणाबांड पोरगा, हो बोलायला काय जातं?"

काकांनी पाण्याचा घोट घेतला.

"एक्याण्णव साल. तेरा डिसेंबर, शुक्रवार. भगवानचं लगीन ठरलेलं, तो तारा गावाला पत्रिका द्यायला गेला. कॉकला फडकं होतं ते सोडून त्यानं नाल्यात टाकलं. जाताना काय नाय झालं. येताना रात्रीचे पावणेबारा. कर्नाळ्याचा रस्ता तेव्हा असा रुंद नव्हता. दोन्ही बाजूला जंगल. गाडी फुरफुरली नि बंद. त्यानं हात खाली घालून बघितला तर... कॉक बंद."

"हलून बंद झाला असेल," मी म्हटलं. वॉशर कुजला की कॉक सैल होतो.

"तो पण तेच बोलला. उघडला, किक मारली, निघाला. एक वळण गेला. परत बंद. परत कॉक... मंग त्यानं काय केलं, एका हातानं हँडल धरलं. दुसरा हात कॉकवर. दाबून ठेवला. निघाला. हळूहळू. मागच्या सीटवर वजन आल्यासारखं वाटलं. त्यानं मागं नाय बघितलं. वळण आलं. आणि मागनं..."

दिपिकाने माझा दंड धरला होता.

"मागनं एक हात आला. त्याच्या कमरेजवळनं. खाली गेला. त्याच्या हातावर ठेवला. आणि सूनबाई, तो हात गार नव्हता. गरम होता. जित्या माणसाच्या हातासारखा... त्यानं भगवानचा हात बाजूला केला. कॉक फिरवला. बंद."

हायवेवरून एक कंटेनर गेला, त्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

"पहाटे साडेचारला तो गाडी ढकलत घरी आला. शेडमधे लावली. परत हात लावला नाय."

मी विचारलं, "काका, बाकीचे सहा दिवस चालवायला कुणी अडवलं होतं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत हा प्रश्न घरात कुणी विचारला नसावा.

"फाटली होती गो त्याची," ते शेवटी म्हणाले.

दारात सासूबाई उभ्या होत्या. हाताला राख तशीच. "म्हणून बोलते, जाऊ दे तिला भंगारात. ऐकलंस ना?"

"ऐकलं, आई," मी म्हटलं आणि पान्यांचा डबा घेऊन शेडकडे निघाले.

मागून काका म्हणाले, "ही गुणाची हाय असं कोण बोललेला?"

वॉशर बसवला. टाकीत लिटरभर पेट्रोल ओतलं. गळत नव्हतं. दार सताड उघडं ठेवलं. घड्याळात अकरा चाळीस झाले होते. कॉक उघडला. किक मारली. एक. दोन. सातव्या किकला येझदीने खोकला काढला आणि ती चालू झाली.

चौतीस वर्षांनी! निळा धूर, तो फटफट आवाज. मला ओरडावंसं वाटलं. आईंना उठवायला निघणार, तेवढ्यात आवाज पातळ झाला. फुरफुर. बंद.

कॉक बंद होता.

नवा वॉशर. घट्ट बसलेला. मी स्वतः बसवलेला. मी कॉक उघडला, किक मारली, चालू झाली. घड्याळाकडे बघत उभी राहिले. कॉक बंद केला तरी कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलवर गाडी मिनिटभर चालते. म्हणजे ती बंद पडते त्याच्या मिनिटभर आधी...

फुरफुर.

मिनिटभर आधी मी तिच्याजवळच उभी होते.

खाली वाकले. बंद.

बल्ब गेला नाही. गोष्टींमध्ये जातो, इथे नाही गेला. लख्ख उजेड होता. शेडमध्ये मी एकटी होते. हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

पळून जायचं होतं. खरं सांगते. पण मग उद्या पाचला टेम्पो येणार. मग मी आयुष्यभर दुकानातून मिस्टरांना नमस्कार घेऊन येणार.

तिसऱ्यांदा उघडला. दोन बोटांनी कॉक धरून ठेवला. किक मारली. चालू.

सेकंद मोजले. दहा... वीस...

ऑइलचा वास आला. माझ्या ऑइलचा नव्हे. जुन्या, जळक्या.

तीस...

हातावर हात आला.

दिसला नाही. पण तळवा कळला. अंगठ्याखालचा घट्टा कळला. बाबांच्या हाताला असतो तसा, पान्याने पडलेला. आणि गरम... त्याने माझी बोटं बाजूला केली. ओढून नाही. ताटावरून लेकराचा हात बाजूला करावा, तशी.

कॉक फिरला.

इंजिन आणखी मिनिटभर चाललं. आम्ही दोघांनी ते ऐकलं. मग शांत.

मी घाबरले होते आणि मला राग आला होता. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला तेव्हा कळलं.

"सॅमसनकाका," मी म्हटलं. आवाज फाटला, पुन्हा म्हटलं. "सॅमसनकाका, सुट्टी तुमची. कबूल. माझे सासरे घाबरले, मी पण घाबरलेय. पण मी गाडी सोडणार नाही. उद्या पाचला भंगारवाला येतोय. चांदण्या साडेसहाला. मी तुमचा शनवार पाळते... तो पाळत नाही. त्याचं तुम्ही बघा."

उत्तराची वाट बघत बसले नाही.

एक फडकं घेतलं. हळदीचा पिवळा डाग असलेलं. कॉकला गुंडाळलं आणि सुरगाठ मारली. मग पान्यांचा डबा बंद केला. हात धुतले. झोप लागली नाही.

शनिवारी दिवसभर मी शेडकडे फिरकले नाही. साडेचारला स्वच्छ साडी नेसून ओट्यावर बसले. पाच वाजले. टेम्पो नाही.

"अजून आला नाय," जगनकाका कुजबुजले. "जा गो, लाव किक! चान्स हाय."

"सुट्टी आहे," मी म्हटलं.

सासूबाईंनी पापणी न हलवता माझ्याकडे पाहिलं. साडेपाच. त्यांनी भंगारवाल्याला फोन लावला, लागला नाही. सहा. सूर्य गेला. दिपिका आत-बाहेर करत होती. मी मांडीवर हात ठेवून आकाश बघत होते. इतका वेळ रिकामे हात ठेवून बसायचं, तेही हरायच्या वेळेला... पान्यांपेक्षा जड असतं ते.

पहिली दिसली. मग माडाच्या वर दुसरी. तिसरीला फार वेळ लागला.

"ती बघ," सासूबाईच म्हणाल्या. बोटाने दाखवलं. "ती."

मी शेडकडे धावले. तिघंही मागे आले. वाकून गाठ ओढायला हात घातला, तर फडकं नव्हतं. कॉक बंद, पण फडकं नाही. खाली पाहिलं, सीटखाली पाहिलं.

"कुणी घेतलं?"

"त्या शेडमधे कोण जातंय?" दिपिका म्हणाली.

थांबायला वेळ नव्हता. कॉक उघडला. एक किक. एकच.

येझदी अशी बोलू लागली, की शेजारच्या गच्चीवर माणसं आली. मी तिला अंगणात काढली. सासूबाई टाकीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तो हात त्यांनी काढला नाही.

आणि तेव्हा दारात तीनचाकी टेम्पो आला. भंगारवाला काशिराम, घामाने निथळलेला.

"तीन वेळा बंद पडला, भामावैनी! तळोज्यापासून तीन वेळा. दर टायमाला कॉक बंद. मी नाय केला, आईशप्पथ. मोबाईल पण मेला. शेवटी तर काय हलेचना. आता अंधार पडला तवा एका झटक्यात चालू."

"परत जा," सासूबाई म्हणाल्या. "हितं भंगार नाय."

काशिराम येझदीकडे बघत राहिला. मग त्याला काहीतरी आठवलं.

"आणि हे कोणी बांधलं माझ्या टेम्पोच्या कॉकला, तेवढं सांगा मला. गाठ ओढली तर सुटली. टाकायचा धीर नाय झाला."

बाहेरच्या आरशाच्या दांडीला त्याने एक फडकं अडकवलेलं होतं. वाटभर नोव्हेंबरच्या वाऱ्यावर फडफडत आलेलं. पांढरं. एका कोपऱ्यात हळदीचा डाग.

जगनकाका मागे सरकले. मी पुढे गेले आणि ते हातात घेतलं.

गरम होतं.